हात वर झाला, तिथे थांबा

हेमलता तांडेल बाईंची आणि माझी पहिली ओळख काही गोडीगुलाबीची नव्हती. लातूरकडून मी बोईसरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला आलो आणि पहिल्याच महिन्यात शिक्षक दिनाला मला भाषणाला उभे केले गेले. मी जीव ओतून बोललो, टाळ्याही पडल्या. नंतर शिक्षकखोलीत चहा घेताना मराठीच्या तांडेलबाई शांतपणे म्हणाल्या, “सर, ऐकताना माझा हात तीनदा वर झाला. तिन्ही वेळा तुम्ही आईचं नाव घेतलं होतं.” मला काही समजले नाही, पण राग मात्र चांगलाच आला. आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही. मग कुतूहलापोटी त्यांच्या शनिवारच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो.

तो तास वेळापत्रकात नव्हता. ज्याला यायचे त्याने यावे. आमच्या अभ्यासक्रमात अलंकार असतात ते दोन गुणांपुरते. मुले अनुप्रास ओळखतात, नाव लिहितात आणि मोकळी होतात. बाईंचा प्रश्न वेगळा असे. या अलंकाराने तुझे काय केले, असे त्या विचारत. त्या एखाद्या पुढाऱ्याचे भाषण मोबाइलवर लावत. ऐकता ऐकता ज्याची छाती भरून येईल, डोळे ओलावतील किंवा ‘अगदी खरं’ असे वाटेल, त्याने लगेच हात वर करायचा. बाई भाषण तिथेच थांबवत. आता मागे जा, बोलणाऱ्याने या क्षणी काय केले ते शोधा, म्हणत. मुले शोधून काढत. कोणी एकच शब्द तीनदा आणला होता, कोणी ज्याचे उत्तर आधीच ठरले आहे असा प्रश्न टाकला होता, कोणी ‘मी’ म्हणता म्हणता हळूच ‘आपण’वर आला होता. त्या अलंकारांची नावे बाई सर्वांत शेवटी सांगत.

जाहिराती तर त्या भाजी निवडावी तशा निवडायला लावत. गृहसंकुलांचे फलक, गोरेपणाची मलमे, परदेशी नोकरीची पत्रके, काहीही चाले. स्टेशनबाहेरच्या टपरीवर यशाचे मार्ग दाखवणारी पुस्तके मिळतात, कारखान्याच्या पाळीवरून सुटलेली पोरे ती हौसेने घेतात. त्यातले एक बाईंनी तासाला फोडून दाखवले होते. लेखक पानोपानी ‘तू’ म्हणतो, त्यामुळे आपल्या अपयशाचे कारण फक्त आपणच आहोत असे वाटू लागते आणि पगार कमी देणारा मालक पुस्तकात कुठे दिसतच नाही, हे बाराखडी शिकवावी इतक्या सावकाश त्यांनी उलगडले.

माझ्या मुलाने राजस्थानात कोट्याच्या शिकवणीवर्गाला जाण्याचा हट्ट धरला होता, तेव्हा घरात रोज भांडण चाले. बाई एका रविवारी आपण होऊन आल्या. मुलाला ‘जाऊ नकोस’ असे एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या शिकवणीवर्गाचे रंगीत माहितीपत्रक त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतले, इतकेच. तो गेला नाही. आज तो डहाणूला सुखाने शेतीखात्यात नोकरी करतो. बाईंचे हे ऋण माझ्या घरावर आहे.

इथवर वाचून, बाईंच्या साठीनिमित्त सत्कार योजणाऱ्या गौरव समितीचे सन्माननीय अध्यक्ष समाधानी असतील. त्यांनी मला फोन करून ‘कडू काही नको, सर, मंगल प्रसंग आहे’ असे बजावले होते. पण या गौरव अंकाच्या संपादकांनी लेख जसा येईल तसा छापण्याचा शब्द दिला आहे आणि मला साखरेत घोळून लिहिता येत नाही.

बाई मूळच्या तारापूरच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातल्या. निवृत्तीला वर्ष उरले असताना त्यांच्या गावात सभा भरली. एका कारखान्याचे सांडपाणी नळाने समुद्रात सोडायचे होते, त्यावर गावाचे मत घ्यायचे होते. गाव विरोधात होते. बाईंचे विद्यार्थी पुढे बसले होते. आज गौरव समितीचे अध्यक्षपद भूषवणारे गृहस्थच त्या दिवशी कारखान्याच्या बाजूने बोलायला उभे होते. ते म्हणाले, “समुद्र तुमचा, गाव तुमचं, कारखान्यात लागतील ती पोरंही तुमचीच. मग कारखाना तेवढा परका कसा?” आणि शनिवारच्या सवयीने मुलांचे हात वर गेले. त्यांनी चलाखी पकडली होती आणि ती पकडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता. मागे बसलेल्या बायांना वाटले, शिकलेली पोरे हात वर करताहेत म्हणजे काहीतरी भल्याचे असणार. त्यांनीही हात वर केले. फोटो काढणारा तयारच होता. सभेच्या इतिवृत्तात ‘ग्रामस्थांनी हात उंचावून संमती दिली’ असे नोंदले गेले.

दुसऱ्या दिवशी बाई गावाच्या बैठकीत समजावायला गेल्या. मी सोबत होतो. ती खूण होती, होकार नव्हता, असे त्या परोपरीने सांगत होत्या. त्यांची सख्खी भावजय, मासळी विकून घर चालवणारी बाई, उभी राहिली. “ताई, हात वर म्हंजे हो. आमाला एवढंच ठावं हाय,” ती म्हणाली. नळ पडला. किनाऱ्यालगतची मासळी कमी झाली. आमच्या संस्थेने शनिवारचा तास बंद केला आणि बाई गावचे घर सोडून बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायला आल्या. ज्या बाईंनी पिढीला फसवणूक ओळखायला शिकवले, त्यांनीच गाव विकले असे लोक बोलू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात आपण पहिल्यापासून पटाईत आहोत.

आणि आता हा सत्कार! नळाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी पुन्हा सभा व्हायची आहे, त्याच्या आधी, त्याच गावात, मांडव घालून. मानपत्राचा मसुदा मी पाहिला. ‘ज्यांच्या संस्कारांनी इथल्या तरुणाईला डोळे दिले, शब्द दिले आणि विकासासाठी हात उंचावण्याचे बळ दिले’ असे त्यात म्हटले आहे. मी तो बाईंना नेऊन दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. “हे आपल्या सुनीलने लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “तीन पायऱ्यांचं वाक्य त्याला पहिल्यापासून छान जमायचं.” सुनील त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. तो त्याच कारखान्याच्या प्रसिद्धी विभागात आहे. बाईंनी त्याला नावे ठेवली नाहीत, मी मात्र ठेवतो. गुरूकडून घेतलेली विद्या गुरूच्याच गळ्यात अशी अडकवायची असेल तर निदान मानपत्र म्हणू नये.

बाईंनी मला एकच विचारले, गावातले कोण कोण येणार. समिती म्हणते, सगळे. माझा त्यावर विश्वास नव्हता, म्हणून मी स्वतः त्यांच्या भावजयीकडे गेलो. ती ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. तिने मला बसा म्हटले नाही. मी निमंत्रण पुढे केले, ते तिने घेतले नाही.

“मांडवात आमी येनार नाय,” ती म्हणाली. “ताईला सांगा, यायचं तं घरी ये. माफ केलं असं समजू नका. त्या दिवशी माजाबी हात वर गेला. मला नळ नको होता, तरी गेला. तो कसा गेला, ते मला तिच्या तोंडून आयकायचं हाय. दुसरी सभा व्हायच्या आदी.”

मी हे जसेच्या तसे बाईंना सांगितले. वहिनी रागात होती का, असे त्यांनी विचारले. हो म्हणालो, फार. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “मग जाते.”

तेव्हा समितीने आणि जमणाऱ्या सर्व सुहृदांनी कृपया नोंद घ्यावी. सत्काराच्या दिवशी व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी राहील. मांडवापासून चार घरे पलीकडे, एका ओट्यावर, तांडेलबाई शनिवारचा तास घेत असतील. साठाव्या वर्षी त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही माझी प्रार्थना आहे. त्यांना अजून अख्ख्या गावाला शिकवायचे आहे आणि सुरुवात सर्वांत रागावलेल्या विद्यार्थिनीपासून होणार आहे.