एकाच वावरात दोघं

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सुकदेव जीवराम बागूल पिंपळनेरजवळच्या एका वावरात लोखंडी सळई ठोकत होता. मार्च १९९२. शेजारी मीटरची पेटी, तारेची रिळं आणि पाण्याची कळशी. वावराचे मालक वना देवरे आणि त्यांचे दोन भाऊबंद तारा धरून उभे होते.

सुकदेव धुळ्यातल्या एका भूजल सल्लागार फर्ममध्ये बारा वर्षं नोकरीला आहे. फर्म म्हणजे गल्ली नंबर पाचमधल्या दोन खोल्या आणि तीन माणसं. भूगर्भशास्त्र शिकलेले बन्सीलाल चौधरी, अहवाल टाइप करणाऱ्या कमलबाई आणि सुकदेव. विहीर कुठे खणावी हे विचारायला शेतकरी जिना चढून येतात. चौधरीसाहेब अहवालात ‘शक्यता मध्यम’ असं लिहून देतात. शेतकरी तो कागद घेऊन जिन्यातच थांबतो आणि सुकदेवला गाठतो.

“पानी शे का नही, तेवढं सांग.”

“खणा आबा. पण पाहुण्यांना आत्ताच जेवायला बोलावू नका.”

वावरात सुकदेव मीटर वाचतो, साहेब मान खाली घालून आलेखावर टिंबं मांडतात. सळया एकमेकींपासून जितक्या लांब ठोकाव्यात, तितकं खोलवरचं कळतं. आकडा चाळीसच्या आत असला तर खडक भुसभुशीत, पाणी धरणारा. शंभराच्या वर गेला की खाली अखंड काळा पाषाण.

सुकदेवचे वडील जीवराम नाना पानाडी आहेत. वय चौऱ्याहत्तर. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते वावरातून चालतात. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. साक्री तालुक्यात त्यांनी दाखवलेल्या विहिरी आजही उपसल्या जातात. अलीकडे या भागातले शेतकरी पानाडी आणि मशीन दोन्ही बोलावतात आणि दोघांचं जमेल तिथेच खणतात. त्यामुळे, घरीच ठरवून आले असं कोणी म्हणू नये म्हणून, धुळ्यात देवपुरातल्या त्यांच्या घरात बारा वर्षं एक पथ्य होतं. कोण कुठल्या गावाला चाललं, हे बापलेक एकमेकांना सांगत नसत.

आदल्या संध्याकाळी नाना पिशवी घेऊन बाहेर पडले होते. सकाळी सुकदेव जीपमधून उतरला, तेव्हा ते वनाभाऊंच्या बांधावर चहा पीत बसलेले होते. वावराच्या पूर्व कोपऱ्यात त्यांनी दाखवलेल्या जागी दगडाला चुना लावून ठेवला होता.

“तुन्हा बाप सांगस, आठे,” वनाभाऊ म्हणाले. “आते तुन्ही मशीन काय सांगस ते दखू.”

भाऊबंदांपैकी एक हसला. “घरनंच ठराईसन उनात व्हतीन दोन्ही.”

साहेबांनी सुकदेवकडे पाहिलं. मीटर वाचायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी कागद पसरला आणि पेन्सिल हातात घेतली.

चुना लावलेल्या दगडापाशी पहिले आकडे बरे आले. अठ्ठावीस, पस्तीस. सळया लांब गेल्या तसा काटा चढू लागला. साठ, सत्त्याण्णव, एकशे चाळीस. शेवटच्या टप्प्याला सुकदेव काट्यावर बराच वेळ वाकून राहिला. तो काटा त्याच्याशिवाय कोणालाही दिसत नव्हता.

“एकशे ब्याऐंशी,” तो म्हणाला.

“परत घे,” साहेब मान वर न करता म्हणाले.

त्याने सळयांच्या बुडाशी पाणी ओतलं, तारा तपासल्या आणि परत पाहिलं.

“एकशे चौऱ्याऐंशी.”

साहेबांनी टिंब मांडलं. शंभराच्या वर गेलं की काय असतं, हे वावरातल्या सगळ्यांना माहीत होतं. कोणी नानांकडे पाहिलं नाही. नानांनी कपातला उरलेला चहा बांधाखाली ओतला.

दुपारपर्यंत नाल्याच्या कडेला दुसरी जागा पाहून झाली. तिथे आकडा चौतिसाच्या वर चढला नाही. साहेबांनी खुंटी ठोकून घेतली. पण वनाभाऊ ऐकेनात. दोघांचं जमल्याशिवाय त्यांच्या घरात कुदळ लागली नव्हती.

“नाना, आठे बी नारय फिराई दखा. तो उभा ऱ्हायना का मी मोकया.”

नाना उठले. त्यांनी नारळ तळहातावर ठेवला आणि खुंटीपर्यंत चालत आले. नारळ आडवाच होता. बोटाच्या टोकाने तो उभा करणं अवघड नसतं, आणि ते कोणाला कळलंही नसतं. सुकदेव तार गुंडाळायचा थांबला होता.

“वना,” नाना म्हणाले, “मना हातमा आते नारय उभा ऱ्हात नही. दोन वरीस व्हयनात.”

“मंग पहाटले काय दाखाडं?”

“झाडं दखीसन सांगं. चुकनू.”

वनाभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. भाऊबंदांनी एकमेकांकडे पाहिलं. वनाभाऊंच्या वडिलांची विहीरही नानांनीच दाखवलेली होती. तिच्या पाण्यावर हे घर मोठं झालं होतं. वनाभाऊंनी एक दगड उचलून खुंटीशेजारी ठेवला.

“तुम्हीनच फोडा,” ते म्हणाले. “तुम्हना हातनंच फोडा.”

नानांनी नारळ फोडला. पाणी खुंटीवर शिंपडलं. एक तुकडा वनाभाऊंना दिला, एक साहेबांना. सुकदेवच्या वाट्याला आलेला तुकडा नानांनी आधी करवंटीतून सोडवला, दाताने तुटतो का पाहिलं, मग त्याच्या हातावर ठेवला.

परतताना नाना जीपमध्ये साहेबांच्या शेजारी बसले. झाडं पाहून काय कळतं, असं साहेबांनी विचारलं. नानांनी उंबराचं सांगितलं, वारुळाचं सांगितलं. साहेब आकडा विचारावा तसं मध्ये मध्ये “किती लांब?” म्हणत होते. सुकदेव मागे रिळांवर पाय ठेवून बसला होता. कुसुंबा ओलांडल्यावर नाना मागे वळले.

“निजामपूरवाला उद्या पानी दखाले मनी वाट दखी राहिना. नारय आते उभा ऱ्हात नही, हाई तेले जाईसन सांगनं पडी.”

“चिठ्ठी पाठवू की नाना.”

“चिठ्ठी कसाले? मना तोंडनं सांगस.”

निजामपूरची बस धुळ्याहून सकाळी पावणेसातला सुटते. सुकदेव त्यांना सायकलवर स्टँडवर सोडणार आहे. साडेनऊला तो ऑफिस उघडेल.