दोन्हीकडे रुजलेली फांदी

चॅपल मागे पडलं, चढ निम्मा सरला, तरी मोर्विद रस्त्याकडे पाहत झपाझप चालतच होती. माझ्या लेकीला दिवस गेलेत, ती बाळंतपणाला माझ्याकडे येणार, हे तिला सांगायचं म्हणून मी सोबत निघाले होते. तिचा चेहरा पाहून ते ओठांवरच राहिलं.

वेल्सच्या या गावात मला तीस वर्षं झाली. मोर्विद तेव्हापासूनची शेजारीण. मेंढ्या कातरून हात लाकडासारखे झालेले.

कुंपणाला काळ्याभोर ब्लॅकबेरी लटकल्या होत्या. मी हात पुढे केला.

"ऑक्टोबर लागला, शालन. आता त्या सैतानाच्या. किती वर्षं सांगू?"

"एकच खाते."

"खा बाई. तुझे देव पुष्कळ, एखादा मोकळा असेल."

वळणावर ती थांबली. इथे तिची फांदी होती, ब्लॅकबेरीचीच. जांभळट, कंगोऱ्यांची, कंगोऱ्यांवर वाकडे काटे, पानांची पाठ पांढरी, मऊ. वाकून शेंडा जमिनीला लागला की तिथेच मूळ धरते, कमान होते. तिचा मुलगा इदवल दोन वर्षांचा असताना डांग्या खोकल्यानं निळा पडला, तेव्हा मोर्विदनं त्याला या कमानीखालून तीनदा काढलं. खोकला फांदीत राहिला, पोरगा वाचला. फांदीचं आयुष्य दोनच वर्षं: आधी पानं, मग फूल-फळ, मग वाळणं. म्हणून ती दर वर्षी नवा शेंडा वाकवून त्यावर दगड ठेवायची. कमान कधी मोडू दिली नाही. इदवल आता पन्नाशीला आला.

आज तिथे नुसते चिरफळलेले बुंधे होते.

"शनिवारी कुंपण छाटायचं मशीन फिरलं," ती म्हणाली. "रविवारी इदवल खोकायला लागला. काल रुमालाला रक्त होतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"फोटो काढलाय छातीचा. डॉक्टरांना ही फांदी कुठे ठाऊक?"

मी मनात रामाचं नाव घेतलं. ती गुडघ्यांवर बसली. दगडाखाली एक शेंडा वाचला होता. पांढरी, केसासारखी मुळं. तिनं तो ओल्या गोणपाटात गुंडाळला.

"सोमवारी उरलेलंही काढतील. माझ्या दारी लावता येत नाही. आजार जिथला, तिथं परत नेत नाहीत. लहान मूल असलेल्या घरी तर नाहीच, तिथं आजार त्या मुलाला धरतो."

गोणपाट तिनं माझ्या हातांत दिलं. काटा बोटात गेला.

"अख्ख्या गल्लीत लहान पोर नसलेलं घर तुझंच गं. तुझ्या परसात लाव. आणि मी मेले तरी कापू देऊ नकोस."