गाळ नसलेलं तेल

नवघरला आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाण्याचं ताजं तेल सुरुवातीला गढूळच असतं. ते पिंपात निवळायला ठेवायचं, मग सासूबाई मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. दिवसचे दिवस जायचे. शेवटी मी नवऱ्यामागे भुणभुण लावून सेंट्रिफ्यूज मशीन आणवलं. आतलं भांडं गरगर फिरतं, गाळ त्याच्या भिंतीला चिकटतो आणि नितळ तेल बाहेर येतं. मी हरखूनच गेले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घरात मात्र माझं फडक्यातलंच चालेल." घरापुरतं तेल त्या तशाच गाळत राहिल्या.

आणि गिऱ्हाइकं तुटायला लागली. बाटलीच्या तळाशी गाळ दिसला तरच लोकांना घाण्याचं तेल खरं वाटतं, हे मी साफ विसरले होते. शेजारचा दुकानदार दात काढत म्हणाला, "भाभी, रिफाइंड मिलाने लगे क्या?" मी त्याला चहा विचारायचा बंद केला. पण माणसं अशीच जात राहिली असती, तर घाणाच बंद करावा लागला असता. जीव नुसता टांगणीला लागला होता.

एके सकाळी राई गावच्या मावशी आल्या, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "गाळ कुठं हाय? घाण्याचा तेल असा न्हाय दिसत." मशीनवाल्याने सांगितलेलं सगळं मी त्यांना घडाघडा म्हणून दाखवलं. त्या बाटली ठेवून निघाल्याच.

तेवढ्यात सासूबाई स्टुलावरून उठल्या. मशीन बंदच होतं. त्यांनी झाकण काढलं, भांड्याचा गाळ चमच्याने खरवडला आणि मावशींच्या तळहातावर ठेवला. "हा घे तुझा गाळ. दाण्याचा वास येतोय की नाय? अगं, आमच्या घरात पण हेच तेल चाललंय."

मावशींनी हुंगलं, बोट लावून चाटलं आणि दोन बाटल्या घेतल्या. वर चटणीत घालायला गाळही बांधून नेला.

ज्या बाईने मशीनच्या तेलाचा थेंब घरात येऊ दिला नव्हता, तिने माझ्यासाठी आपला शब्द पणाला लावला होता. माझे डोळे भरून आले. माझी सख्खी आई असती तरी याहून वेगळं काय करती!

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रिकामी बाटली पुढे करत म्हणाल्या, "भर ही. आजपासून घरात हेच तेल. बोलले ते खरं करायला नको?"