नकाशात तुटलेली पाऊलवाट

"मॅडम, ही सही तुमचीच न्हवं?"

उत्तमरावांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. सही माझीच होती. नऊ वर्षांपूर्वीची, तेव्हा मी 'म'च्या खाली जरा जास्तच ऐटीत रेघ ओढायची. कागदाच्या तळाशी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'जागेवर पाऊलवाट आढळून येत नाही.'

आणि मी त्या सकाळी तिथं आले होते ती नेमकी तीच पाऊलवाट दाखवायला.

मी भूकरमापक आहे, म्हणजे सरकारी खात्यात जमीन मोजणारी. गाव सणसरच्या पुढं, कालव्याच्या खालच्या अंगाला. नाव मुद्दाम देत नाही. वरच्या माळावर वीसेक घरांची वस्ती आहे. या लोकांची आधीची पिढी मेंढरं घेऊन हिंडायची. आता कुणी शेती करतं, कुणी ट्रक चालवतं, कुणी कारखान्यावर आहे. वस्तीची मसणवट खाली ओढ्याकाठी. माळ आणि ओढा यांच्यामध्ये उत्तमरावांचा ऊस.

मागच्या पावसाळ्यात वस्तीवरच्या भिवातात्यांची बायको गेली. उसातून वाट नाही म्हणून मयत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून डांबरी रस्त्यानं लांबचा वळसा घेऊन नेलं. त्यानंतर तात्यांनी तहसीलदारांकडं अर्ज केला. अर्जात एकच मागणी होती, आमची जुनी वाट मोकळी करून द्या. तहसीलदारांनी आमच्या ऑफिसला पत्र पाठवलं: वाट जागेवर दाखवून नकाशासह अहवाल द्यावा. ऊस तुटून आठ दिवस झाले होते, रान मोकळं होतं, म्हणून मी निघाले. वाटेत उत्तमरावांनी मला माझीच सही दाखवली.

आता ती सही कशी झाली ते सांगायला हवं.

जुन्या गावनकाशात पाऊलवाट तुटक रेघेनं दाखवतात. या नकाशात वस्तीपासून एक तुटक रेघ निघते आणि रानाच्या मध्यावर एका बारीक चौकोनापाशी संपते. चौकोनात एक ठिपका. मग थोडी जागा कोरी. आणि तिथून पुढं दुसरी तुटक रेघ सुरू होऊन ओढ्याला जाते. आमच्याकडं नकाशातल्या खुणांची छापील यादी असते. विहीर, देऊळ, झाड, हद्दीचा दगड, सगळं त्यात असतं. ठिपक्याचा चौकोन त्यात नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी उत्तमरावांनी आपलं रान मोजून घेतलं तेव्हा मी तालुक्यात नवीन होते. रानात डोक्याच्या वर ऊस. मी बांधाबांधानं मोजलं आणि उत्तमरावांना विचारलं, "इथं मध्ये कधी विहीर होती का?" ते म्हणाले, "वडलांनी कायतरी दगडाचा ढीग सपाट केला व्हता. असंल हीर." झालं. मी ठरवून टाकलं: चौकोन म्हणजे बुजलेली विहीर, दोन वाटा दोन्हीकडून पाण्याला येणाऱ्या, आता पाणीही नाही आणि वाटाही नाहीत. नकाशाची नक्कल मालकाला दिली. तिला आम्ही 'क' प्रत म्हणतो. माळावरच्या वस्तीत जाऊन कुणाला चार शब्द विचारावेत हे मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर ऊन फार होतं आणि मला परतीची एसटी गाठायची होती.

उत्तमरावांपासून जरा लांब, बांधावर उभी राहूनच मी साहेबांना फोन लावला.

"सर, या गटाची जुनी 'क' प्रत माझीच आहे. त्यात वाट दाखवलेली नाही."

"मग प्रश्नच मिटला. तेच परत लिहा."

"पण जुन्या नकाशात वाट आहे, सर."

"तुटलेली आहे ना? सलग नाही. तसं लिहा आणि या. उगाच स्वतःचंच काम चुकीचं ठरवू नका. खुलासा द्यावा लागेल, सेवापुस्तकात नोंद होईल."

साहेब माझं वाईट चिंतत नव्हते, उलट मला सांभाळून घेत होते. मोहही झाला. दोन ओळी लिहायच्या आणि घरी जायचं.

तेवढ्यात भिवातात्या माळावरून काठी टेकत उतरले. ऐंशीच्या आसपासचे, डोक्याला पांढरं मुंडासं. मी त्यांना नकाशा दाखवला आणि म्हणाले, "तात्या, तुमची वाट इथं मधेच संपते. पुढं ओढ्याला जाणारी वेगळी आहे."

तात्यांना नकाशा वाचता येत नव्हता. त्यांनी मी बोट ठेवलं होतं तो चौकोन तेवढा पाहिला.

"वाट न्हाय थांबत तितं. मयत थांबतंय."

"म्हणजे?"

"इसावा हाय त्यो. तितं तिरडी टेकवायची. फुडचं खांदेकरी मागं, मागचं फुडं व्हायचं. मग उचलायची."

विसावा मला माहीत होता. आमच्या गावालाही आहे. वडिलांच्या वेळी मी तिथवर गेले होते. तरी नकाशावर तो असू शकतो हे डोक्यात आलं नव्हतं, कारण तो यादीत नव्हता.

"बायका हितवरच येत्यात," तात्या म्हणाले. "फुडं न्हाय जात. श्येवटचं बघायचं, पाया पडायचं आन् म्हागारी फिरायचं. आमच्या म्हातारीला टॉलीत घातलं आन् दारातनंच नेलं. तिच्या तिगी लेकी कुठवर चालणार टॉलीच्या मागं? डांबरीपतोर गेल्या आन् मधीच हुब्या ऱ्हायल्या. कुठं थांबावं त्येच कळंना त्यास्नी."

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. मला मात्र खाली बघावं लागलं.

पण म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर अहवाल होत नाही. पुरावा लागतो. मी विचारलं, "तिथं काही खूण होती का? दगड, ओटा?"

"वस्तीवरनं निघताना परत्येकानं येकेक खडा घ्यायचा. तितं ठिवायचा. ढीग व्हता चांगला गुडघ्याएवढा."

आता माझ्या कामाचा भाग आला. माळावरचे खडे चुनखडीचे, पांढरे. उत्तमरावांचं रान काळं, अशा मातीत पांढरा खडा आपोआप येत नाही. मी रोव्हर घेतला. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेलं यंत्र. उपग्रहावरून ते जागा सांगतं. नकाशातल्या चौकोनाची जागा त्यात भरली आणि सऱ्या ओलांडत चालू लागले. उत्तमराव मागोमाग आले, त्यांच्या मागं काठी टेकत तात्या.

"त्या बाजूला बघून चाला, मॅडम," ते म्हणाले. "तितल्या चार सऱ्यांत खडं लई. वीस वरसं येचतोय, तरी संपत न्हाईत. नांगराचा फाळ दोनदा मोडला."

यंत्रानं जागा दाखवली ती त्याच चार सऱ्यांत. तुटलेल्या उसाच्या बुडक्यांमधून पांढरे खडे वर आले होते. दोन पावलं अलीकडं नाहीत, चार पावलं पलीकडं नाहीत.

"वेचलेले कुठं टाकता?" मी विचारलं.

त्यांनी बांधाकडं हात केला. बांधाच्या कडेला पांढऱ्या खड्यांची रास होती. काही मुठीएवढे, काही लहान मुलानं उचलावेत इतके बारीक.

मी तात्यांचं बोलणं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. उत्तमरावांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि सरीतून बाजूला झाले.

माणूस वाईट नव्हता, पण शेतकरी होता. बांधाकडं बघत म्हणाले, "वाट बांधाच्या कडनं दिली तर? मधनं गेली तर रानाचं दोन तुकडं व्हत्यात."

"कुठनंबी न्या," तात्या म्हणाले. "पर इसावा हालवू नगा. तितं माजा बाप टेकवलाय."

उत्तमरावांनी परत पिशवीतला कागद काढला. "मंग हे काय, मॅडम? मी काय घरी बसून लिवलं न्हाय."

"ते चुकलंय."

"तसं लिवून देताल?"

"देते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सरकारी माणसाकडून त्यांना हे अपेक्षित नसावं. मलाही नव्हतं. तिथंच बांधावर बसून मी लिहिलं: 'पूर्वीची मोजणी करताना मी वस्तीवर चौकशी केली नाही. नकाशातील खूण विहिरीची समजले. ती चूक माझी आहे.' नऊ वर्षं उत्तमरावांनी माझ्या एका ओळीवर विसंबून ऊस लावला होता, आणि त्याच ओळीमुळं तीन लेकी डांबरी रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या. खुलाशाची भीती त्यापुढं फार वाटली नाही.

पुढचं थोडक्यात. उत्तमरावांनी हरकत घेतली नाही. तहसीलदारांचा आदेश झाला, आठ फूट रुंदीची वाट, जुन्या रेघेवरून. मला खुलासा मागितला गेला, ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली. साहेब दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. नव्या नकाशावरही आक्षेप आला: 'दर्शविलेले चिन्ह मान्य यादीत नाही.' मी चिन्ह काढलं आणि त्या जागी अक्षरांत 'विसावा' असं लिहिलं. शब्दाला यादी लागत नाही.

हद्दीचे दगड रोवायला मी गेले तेव्हा तात्यांच्या तिन्ही लेकी आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात माळावरचा एकेक खडा. त्या विसाव्यापर्यंत चालत आल्या, खडे ठेवले, वाकून नमस्कार केला आणि पुढं न जाता मागं फिरल्या. कोणी रडलं नाही. तात्या मात्र एकटे ओढ्यापर्यंत जाऊन आले.

शोधलं आणि सापडलं नाही, ही एक गोष्ट. शोधलंच नाही, ही दुसरी. आमच्या रिपोर्टात दोन्हींना एकच वाक्य वापरतात, 'आढळून येत नाही.' हल्ली ते लिहिण्याआधी मी वस्तीवर जाऊन येते. एसटी चुकते कधीकधी.