पुसून आणलेली चप्पल

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते आणि फुलांचे परागकण ओळखते, एवढंच माझं कसब. इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराला खुनाच्या संशयावरून धरलं, तेव्हा पोलिसांनी फोन करून विचारलं, त्याच्या चपलेच्या चिखलावरून काही कळेल का. कळेल, पाठवा, म्हटलं. प्रेत सूर्यफुलाच्या फुललेल्या शेतात सापडलं होतं. सूर्यफुलाचा पराग काटेरी, चिकट. वाऱ्यावर फार लांब जात नाही, पण त्या पिकात शिरणाऱ्याच्या अंगाला, पायाला लागतोच. कामगार म्हणत होता, त्या शिवारात आपण पाऊलही ठेवलेलं नाही. खरंखोटं चिखल सांगणार होता.

हवालदार चप्पल घेऊन आले. कागदात नीट गुंडाळलेली. मी उघडली आणि माझं डोकंच सणकलं. कोल्हापुरी चप्पल नव्यासारखी चमकत होती. चिखल खरवडलेला, शिवणी ब्रशनं घासलेल्या, वरून तेलाचा हात.

"हे कुणी केलं?"

"मीच की म्याडम. चिखलाची चप्पल तुमच्या टेबलावर कशी ठिवायची? आन कातडं वाळलंतं. तडकलं असतं."

असला मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता आणि कुणी देऊही नये. कातडं तडकू नये याची काळजी, आणि ते घालणारा माणूस कोठडीत बसलाय याचं काही नाही. मी नको नको ते बोलले. हवालदारांना शेवटपर्यंत कळलं नाही, बाई का चिडल्यात. चहाही न घेता गेले.

मी शिवणी उसवल्या, आठवडाभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. तेलाशिवाय काही हाती लागलं नाही. अहवालात लिहिलं, वस्तू पोलिसांकडे असतानाच साफ केली गेली, निष्कर्ष काढता येत नाही.

काही दिवसांनी त्या कामगाराची बायको कॉलेजात आली. मागासाठी सुताच्या कांड्या भरते ती. कामाची पाळी बुडवून आली होती.

"कायच गावलं न्हाय न्हवं? मग त्यो तिथं गेलता न्हाय, आसं लिवा की."

मी समजावलं, चिखलच उरला नाही, तर गेला नव्हता हेही सांगता येत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"चप्पल पुसली पोलिसानं," ती म्हणाली, "आन आत माझा नवरा?"

मला तिच्याकडं बघवेना. हवालदारांवर मी आजही चिडते. पण 'आहे तशी आणा' हे तीन शब्द फोनवर मीच बोलले नव्हते.