गोमाईला हाक

डोंगरसिंगने रिकामं फोल्डर बनवलं, त्याला 'हाक' नाव दिलं, गोमाईवर टाकलं आणि खुर्चीतून उठून पळाला. चपला टेबलाखालीच राहिल्या.

गोमाई म्हणजे इथे नदी नाही, कॉम्प्युटर. म्हसावदच्या दवाखान्यात तीन जुनी मशीनं होती, कुणीतरी दान दिलेली, वायरीने एकमेकांना जोडलेली. नावं नद्यांची: तापी, गोमाई, सुसरी. डोंगरसिंग तिथला ऑपरेटर. धडगावकडचा पावरा आदिवासी, वय पस्तीस, अंगाने काडी. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पोरांच्या नोंदी तो सांभाळायचा. कुणाला कोणतं औषध, कुणाला कधी रक्त चढवलं, कुणाला कोणतं रक्त चालत नाही. अकराशे पोरं, आणि सगळी तापीच्या पोटात.

आणि तापी त्या दिवशी मरत होती. सकाळपासून आतून कट् कट् आवाज. प्रोग्रॅम उघडेना. पेनड्राइव्ह लावला की पडदा निळा. वायरीवरून दुसऱ्या मशीनवर फायली तेवढ्या जात होत्या, त्याही रांगत.

बाहेर बाकावर रमिलाबाई बसलेली, मांडीवर तिची गायत्री. नऊ वर्षांची पोर. हाडं दुखून दुखून तिचं रडणंसुद्धा बसलं होतं. ही माणसं आदल्या दिवशीच गुजरातेतून ऊसतोड आटपून ट्रकने आली, आणि दवाखान्याचं कार्ड ज्या गाठोड्यात होतं ते तिकडेच राहिलं. मागे एकदा चढवलेलं रक्त पोरीच्या अंगावर उलटलं होतं, एवढं आईला माहीत. कोणतं रक्त, ते फक्त तापीला माहीत.

मयूरी मॅडम डॉक्टर, पण दोन महिन्यांपूर्वी आलेल्या. दारात येऊन म्हणाल्या, "डोंगरसिंग, जीप उभी आहे. नोंद हातात असली तर शहाद्याच्या रक्तपेढीत रक्त लवकर मिळेल. अर्धा तास थांबते. त्याच्या पुढे नाही थांबता येणार."

"हो मॅडम," तो म्हणाला. कपाळाचा घाम टपकून कीबोर्डवर पडला.

तर तो पळाला लॅबमध्ये. तिथे गोमाईची चिठ्ठी चिकटवलेलं मशीन होतं. त्याने पडद्यावर पाहिलं. 'हाक' नव्हती. पुन्हा पाहिलं. नाही.

लॅबवाला हेमकांत, प्रकाश्याचा गुजर, काचपट्टी धुवत होता. दोघांची रोजची थट्टा.

"काय भो, लगीन जमाडी ऱ्हायना का? नाव इचारस, गाव इचारस, मंगच हात लावस. टाकी दे ना सरळ."

"हाक पोचनी नही."

"मंग कोठे गयी?"

"तेच ना भो. कोठे गयी?"

त्याचा आवाज ऐकून हेमकांतने काचपट्टी खाली ठेवली.

डोंगरसिंगच्या पाड्यावर एक घर या टेकडीवर, दुसरं त्या टेकडीवर. कुणाकडे जायचं तर खालून हाक मारायची, वरून उत्तर आलं की मगच चढायचं. उत्तर नाही तर चढायचं नाही. घरात कोण आहे, कोण नाही, काय माहीत? फायली पाठवतानाही त्याची तीच रीत. आधी रिकामं फोल्डर पाठवायचं, उठून स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं, मग माल पाठवायचा. लोक हसायचे. हसू द्या. ज्यांना एका ठिकाणी बसून सगळं दिसतं ते हुशार असतील. डोंगरसिंगला पायांवर भरवसा होता.

 अर्ध्या तासातली सात मिनिटं गेली. तापीची कट् कट् भिंतीपलीकडून ऐकू येत होती, आणि मध्येच ती थांबायची. थांबली की त्याचाही श्वास थांबायचा. परत सुरू झाली की हा परत जिवंत.

तेवढ्यात मागच्या खोलीतून मोहिनीने आवाज दिला. मोहिनी शिबिराच्या नोंदी टाईप करायला ठेवलेली मुलगी.

"डोंगरदादा, मन्हा पडदावर हाक नावनं काय ऊनं? काढी टाकू का?"

"हात लावू नको, बाई." तो धावत तिथे पोचला. "तू कोणता मशीनवर शे?"

"सुसरीवर. तुम्हीच सांगेल ना, सुसरीवर टाईप कर. हाई देखा." तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं. चिठ्ठीवर सुसरीच लिहिलेलं.

डोंगरसिंग भिंतीला टेकला. भिंत नवी कोरी पिवळी. गेल्या महिन्यात दवाखान्याला रंग दिला, तेव्हा सगळी मशीनं ओट्यावर काढली होती. परत आत नेताना पडदे इकडचे तिकडे झाले. आणि चिठ्ठ्या पडद्यांवर होत्या, खालच्या डब्यांवर नव्हत्या. त्या त्याने स्वतःच चिकटवलेल्या. म्हणजे मोहिनी पंधरा दिवस गोमाईवर टाईप करत होती.

"कितली पोरे व्हयनी?"

"दोनशे तेरा. नोंद फोल्डरमा शेतस."

जुना प्रोग्रॅम 'नोंद' नावाचंच फोल्डर ओळखायचा. तापीवरचंही 'नोंद'च, आणि आतल्या फायलींना दोन्हीकडे एकपासूनचेच आकडे. त्याने घाईत ते गोमाईवर टाकलं असतं, मशीनने विचारलं असतं, जुन्यावर नवं टाकू का? घाईतला माणूस हो म्हणतो. दोनशे तेरा पोरं पुसली गेली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

तो घटाघटा पाणी प्यायला, अर्धं शर्टावर.

मग परत तापीपाशी. नवी हाक, या वेळी सुसरीवर. परत पळाला. लॅबमध्ये हेमकांत आता हसत नव्हता, पडद्याला नाक लावून बसला होता.

"ऊनी भो. हाक ऊनी."

"नोंद नावनं काही शे का तठे?"

"काहीज नही. साफ शे."

डोंगरसिंगने स्वतःही पाहिलं: 'हाक' आलेली, बाकी रिकामं. मग जाऊन माल सोडला.

अकराशे सेहेचाळीस फायली. हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. नऊशेवर अडली. कट् कट् बंद. बाहेर गायत्रीचं कण्हणंही बंद. डोंगरसिंगने खिडकीकडे पाहिलं नाही, पाहायची हिंमत झाली नाही. तापीच्या डब्यावर हात ठेवून पावरीत काहीतरी पुटपुटत राहिला, आजारी बैलाजवळ बसून बोलावं तसं. कट्. मग कट् कट्. नऊशे एक.

शेवटची फाईल गेली आणि तापी बंद पडली. पुन्हा कधी चालू झाली नाही.

लॅबमध्ये प्रोग्रॅम उघडला, गायत्रीचं पान छापलं. डोंगरसिंग तो कागद घेऊन अनवाणी जीपपर्यंत पळाला आणि मॅडमच्या हातात दिला. ड्रायव्हर दिवाल्या म्हणाला, "बस भो, तूबी चाल. तुन्हं तोंड पोरनापेक्षा पांढरं शे." तो गेला नाही. चिठ्ठ्या सोलून डब्यांवर लावत बसला.

गायत्रीला त्याच दुपारी रक्त मिळालं. सातव्या दिवशी ती दवाखान्याच्या ओट्यावर बसून चिंचा खात होती.

डोंगरसिंग एवढा का घाबरतो, हे त्याने दवाखान्यात कुणाला कधी सांगितलं नाही. पुढे म्हसावदच्या बाजारात रमिलाबाईने सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने घाईत एकदा 'हो' दाबलं होतं आणि एकेचाळीस पोरांच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. कुणाला कारण न सांगता त्याने सुट्टी टाकली आणि अकरा दिवस डोंगरात पायी फिरून, घराघरातलं कार्ड बघून एकेक नोंद पुन्हा लिहून आणली. शेवटचं घर रमिलाबाईचं, आणि तिच्यापाशीच त्याने हे सगळं कबूल केलं. पाळण्यात सहा महिन्यांची गायत्री होती. त्याने खालून हाक मारली, आणि रमिलाबाई नदीवरून पाणी घेऊन येईपर्यंत दुपारभर उन्हात तिथेच उभा राहिला.