चांगला नग

भोपाळच्या गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात रत्नप्रभाबाईंनी तीस वर्षं माल तपासला. साहेबांनी कितीही आदळआपट केली तरी त्यांच्या हातून खराब नग पास झाला नाही, की चांगला नग नापास झाला नाही. निवृत्तीनंतर नेहरू नगरच्या घरात त्या एकट्याच उरल्या.

पुण्याहून भाची मधुरा फोनवर म्हणाली, "मावशी, तुझा कम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. जुनी हार्ड डिस्क काढून नवी, वेगवान एसएसडी टाक. त्यात बसते का, तेवढं आधी बघ."

बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला, पेचकस घेतला आणि स्वतःच कॅबिनेट उघडलं. केबल जुळत होती, ठेवायला जागा होती. अडण्यासारखं काहीच नव्हतं.

"ही नवी आवाज किती करते गं?"

"अजिबात नाही! चालू आहे हे कळतसुद्धा नाही."

बाईंनी झाकण हातात घेतलं. काम असो नसो, रोज चहाआधी त्या कम्प्युटर लावायच्या. मग हार्ड डिस्कची कुरकुर सुरू व्हायची, शेजारच्या खोलीत कुणीतरी उठून वावरत असल्यासारखी.

"नाही बसत," म्हणत त्यांनी झाकणाचे स्क्रू घट्ट पिळले.